ऑगस्टमधलं एडिंबरा: कार्यक्रम नंतर ठरवा, मधला वेळ आधी

ऑगस्टमध्ये एडिंबऱ्याला जायचं असेल तर मला मे महिन्यात फोन करू नका, फेब्रुवारीत करा. मी इंग्लंडमधल्या न्यूकासलला राहते, स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा इथून रेल्वेने दीड तासावर. त्यामुळे उन्हाळा आला की मावशी, आतेभाऊ, सासूबाईंच्या भिशीतल्या मैत्रिणी असा पाहुण्यांचा ओघ सुरू होतो आणि प्रत्येकाला 'तो फेस्टिवल' बघायचा असतो. सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

मुळात 'तो' असा एक फेस्टिवल नाहीच. ऑगस्टमध्ये या शहरात चार-पाच महोत्सव एकाच वेळी चालू असतात. प्रत्येकाचं तिकीट वेगळं, प्रेक्षक वेगळा, नखरेही वेगळे. १९४७ साली, महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली असताना, इंटरनॅशनल फेस्टिवल सुरू झाला. त्यामागे होते रुडॉल्फ बिंग, नाझींमुळे देशोधडीला लागून ब्रिटनमध्ये आलेले ऑपेराचे व्यवस्थापक. त्या पहिल्याच वर्षी व्हिएन्ना फिलहार्मोनिक ही वाद्यमंडळी आणि तिचे जुने कंडक्टर ब्रूनो वाल्टर एडिंबऱ्यात पुन्हा एकत्र आले. वाल्टर ज्यू, १९३८ मध्ये त्यांना व्हिएन्ना सोडावं लागलं होतं. आणि त्याच वर्षी आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या, मिळेल त्या जागी त्यांनी प्रयोग लावले. आजचा फ्रिंज महोत्सव हा त्या आगंतुकांचा वंश. तिथे निवड समिती नाही. ज्याला जागा मिळाली त्याने यावं आणि कार्यक्रम करावा. त्यामुळे तीन हजारांहून जास्त शो असतात आणि त्यात रत्नंही असतात, दगडही.

इंटरनॅशनल फेस्टिवल याच्या उलट: सगळं निवडून बोलावलेलं. ऑर्केस्ट्रा, ऑपेरा, नृत्य, मोठी नाटकं. १९६३ साली पंडित रविशंकर इथे वाजवून गेले आहेत. सध्या त्याची सूत्रं निकोला बेनेडेटी या व्हायोलिनवादक बाईंकडे आहेत. याशिवाय किल्ल्यासमोरच्या मैदानावर १९५० पासून होणारा मिलिटरी टॅटू, म्हणजे लष्करी बँड आणि बॅगपाइपचा सोहळा. आणि १९८३ पासूनचा पुस्तक महोत्सव.

सात शोंची यादी फाडून टाका

आमचे एक काका आखणीत पक्के. दर तासाला एक शो, दिवसाला सात, चार दिवसांचे अठ्ठावीस, असा रंगीत तक्ता त्यांनी करून आणला होता. फ्रिंजचा शो साधारण तासाभराचा असतो, म्हणजे कागदावर हिशेब चोख. पण काकांचा तक्ता सपाट कागदावर होता आणि एडिंबरा सपाट नाही.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी सहल इथेच जमते किंवा फसते. शहराचा जुना भाग एका कण्यावर वसलाय. वरच्या टोकाला किल्ला, खालच्या टोकाला होलीरूड राजवाडा आणि मधे रॉयल माइल हा रस्ता. कण्याच्या दोन्ही अंगांना उतार. नकाशात साउथ ब्रिज आणि काउगेट हे रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. फोन सांगतो, 'इथे वळा'. तुम्ही वळायला जाता आणि लक्षात येतं की काउगेट तुमच्या पायाखाली दोन-तीन मजले खोल आहे. तिथे पोचायला एखादी अरुंद गल्ली शोधून पायऱ्या उतरायच्या. या गल्ल्यांना 'क्लोज' म्हणतात. पावसात त्यांचा दगड निसरडा होतो. वेव्हर्ली स्टेशनजवळच्या स्कॉट्समन स्टेप्स दिसायला फार देखण्या, प्रत्येक पायरी वेगळ्या संगमरवराची, पण आहेत १०४. गुडघ्याची तक्रार असलेल्या माणसाला तिथे सौंदर्य सुचत नाही.

त्यात गर्दी. फ्रिंजच्या काळात रॉयल माइलचा मधला भाग वाहनांना बंद असतो आणि तिथे जादूगार, डोंबारी, गाणारे, हातात पत्रकं कोंबणारे यांची जत्रा भरते. शंभर पावलं टाकायला दहा मिनिटं लागली तरी नवल नाही. आणि फ्रिंजला उशिरा आलेल्याला बहुतेक ठिकाणी आत घेत नाहीत. दोन मिनिटं उशीर म्हणजे तिकीट वाया, रदबदली चालत नाही.

म्हणून माझा नियम: आधी मोकळा वेळ आखायचा, मग त्यात कार्यक्रम बसवायचे. दिवसाला तीन शो, फार तर चार. दोन शोंच्या मधे किमान दीड तास. आणि अर्धा दिवस एकाच भागात.

कार्यक्रमांच्या जागांचे भाग असे. दक्षिणेचा, विद्यापीठाच्या आसपासचा: जॉर्ज स्क्वेअर, ब्रिस्टो स्क्वेअर, समरहॉल, फेस्टिवल थिएटर, क्वीन्स हॉल, थोडं पलीकडे प्लेझन्स. इथे सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत, आणि बऱ्यापैकी सपाटही. पश्चिमेचा, लोदियन रोडकडचा: अशर हॉल, लायसियम, ट्रॅव्हर्स. तिसरा उत्तरेचा, न्यू टाउनमधला जॉर्ज स्ट्रीट. प्लेझन्सहून अशर हॉलला पायी जायचं तर धडधाकट माणसाला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. मावशीला चाळीस, आणि वाटेत एकदा "अगं, जरा थांब" हे धरून.

मधल्या वेळात करायचं काय? चेंबर्स स्ट्रीटवरचं राष्ट्रीय संग्रहालय फुकट आहे, पाच वाजेपर्यंत उघडं असतं, बसायला बाकं आहेत आणि स्वच्छतागृहं स्वच्छ आहेत. ही शेवटची गोष्ट कुठल्याच माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत, पण साठीच्या पुढच्या मंडळींसोबत फिरताना सगळा आराखडा तिच्याभोवती फिरतो. माउंड रस्त्यावरचं चित्रसंग्रहालयही फुकट. ऊन असेल तर मेडोज नावाचं मोठं हिरवं मैदान, तिथे डबा उघडून पाय पसरावेत. दुपारी एकला किल्ल्यावरून तोफ सुटते, रविवार सोडून जवळपास रोज. १८६१ पासूनची ही प्रथा. तेव्हा प्रिन्सेस स्ट्रीटवर असाल तर दचकू नका, घड्याळ लावून घ्या.

क्रम: झोपायची जागा, व्हिसा, गाडी, आणि मग कला

ऑगस्टमध्ये या शहरात तिकीट मिळतं, खाट मिळत नाही. फेब्रुवारी म्हणते ती यासाठी. हॉटेलांचे दर एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतात. त्यावरचा माझा लाडका उपाय म्हणजे विद्यार्थ्यांची वसतिगृहं. सुट्टीत ती रिकामी असतात आणि खोल्या पर्यटकांना देतात. विद्यापीठाचं पोलॉक हॉल्स हे त्यातलं मोठं, दक्षिणेच्या भागापासून चालत जाता येईल असं. खोली साधी, भिंती कोऱ्या, पण संमेलनाला जाऊन सतरंजीवर झोपलेल्या माणसाला ती राजेशाहीच वाटेल. दुसरा उपाय लीथ, म्हणजे शहराचा उत्तरेकडचा बंदराचा भाग. ट्राम आता विमानतळापासून शहराच्या मधून लीथमार्गे न्यूहेवनपर्यंत जाते, त्यामुळे तिकडे राहणं सोपं झालंय. तिसरा ग्लासगो, रेल्वेने साधारण पन्नास मिनिटं. पण मग रात्रीच्या शेवटच्या गाडीकडे डोळा ठेवून नाटक बघावं लागतं. मला ते आवडत नाही.

खोली रद्द करता येईल अशीच घ्या. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा लागतो, युरोपातल्या बहुतेक देशांना चालणारा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही, आणि अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच करता येतो. निकाल एरवी तीन आठवड्यांत लागतो. म्हणजे ऑगस्टसाठी मेमध्ये अर्ज. तोवर न परतणाऱ्या पैशात काही अडकवू नये. अजून एक: २४ जुलै २०२६ पासून एडिंबऱ्यात मुक्कामावर पाच टक्के पर्यटक कर लागू होतो, पहिल्या पाच रात्रींपुरता. बिलात तो दिसला तर हॉटेलवाल्याशी भांडू नका.

लंडनहून किंग्ज क्रॉस ते वेव्हर्ली ही गाडी साडेचार तास घेते. स्वस्त तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात आणि शुक्रवारची आधी संपतात. उत्तरेकडे जाताना उजव्या हाताची खिडकी मागा. न्यूकासल सोडलं की थोड्या वेळाने समुद्र दिसू लागतो आणि बेरिकच्या उंच पुलावरून गाडी जाते तेव्हा घोरणारे काकाही उठतात.

आठवडा कोणता? फ्रिंज साधारणपणे ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी सुरू होऊन शेवटच्या सोमवारी संपतो. सुरुवातीच्या दिवसांत तिकिटं स्वस्त असतात, पहिल्या सोमवार-मंगळवारी बऱ्याच शोंना एका दरात दोन तिकिटं मिळतात, पण तेव्हा चांगलं काय हे कुणालाच माहीत नसतं. शेवटी सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि जागा नसते. मी दुसऱ्या आठवड्यातले मंगळवार ते शुक्रवार धरते. एवढंच बघायचं की बरेच कलाकार मधे एक दिवस सुट्टी घेतात, तो नेमका आपला दिवस निघायला नको.

काय बघायचं

आधी दोनच गोष्टी पक्क्या करा: टॅटू (हवा असेल तर) आणि इंटरनॅशनल फेस्टिवलमधला एक मोठा कार्यक्रम. इंटरनॅशनलचं वेळापत्रक वसंतात येतं, फ्रिंजचं पूर्ण पुस्तक जूनच्या सुमारास. टॅटूची तिकिटं त्याच्याही कितीतरी आधी विक्रीला असतात. बाकीचं तिथे गेल्यावर.

संगीताची आवड असेल तर क्वीन्स हॉलमधल्या सकाळच्या मैफली सोडू नका. जुन्या चर्चची इमारत, लाकडी बाकं, वेळ साधारण अकराची, मंचावर चार-पाच वादक किंवा एक गायक आणि पियानो. आपल्या घरगुती बैठकीची सवय असलेल्या माणसाला अशर हॉलमधल्या शंभर वाद्यांपेक्षा हे लवकर भिडतं. एकच सूचना: एका रचनेचे तीन-चार भाग असतात आणि भागांच्या मधे टाळ्या वाजवत नाहीत. 'वाहवा' तर नाहीच. आमच्या मावशीने मान डोलावून हातावर ताल धरला, ते मात्र शेजारच्या आजोबांना आवडलं असावं. मध्यंतरात त्यांनी तिला पेपरमिंट दिलं.

फ्रिंजची निवड करताना भाषेचा विचार करा, हे कुणी सांगत नाही. स्टँडअप कॉमेडी तिथे ढिगाने आहे, पण ग्लासगोच्या उच्चारात, भरधाव वेगात, गेल्या आठवड्यातल्या ब्रिटिश राजकारणावर केलेला विनोद पुण्याहून कालच आलेल्या माणसाला कळणार नाही. इंग्रजी उत्तम असूनही. त्यापेक्षा सर्कस, नृत्य, मूकनाट्य, वाद्यांशिवाय गाणारे गट, बाहुल्यांचे खेळ घ्या. आणि स्टँडअपला गेलातच तर पहिल्या रांगेत बसू नका. "तुम्ही कुठून आलात?" हा प्रश्न येणार आणि पुढची पाच मिनिटं कार्यक्रम तुमच्यावरच चालणार.

मला सगळ्यात जास्त ओढ समरहॉलची. ही इमारत पूर्वी पशुवैद्यकीय महाविद्यालय होती. तिथल्या शरीरशास्त्राच्या जुन्या वर्गात प्रयोग होतात: अर्धवर्तुळाकार, विहिरीच्या भिंतीसारखी उभी चढत गेलेली लाकडी बाकं आणि तळाशी जिथे कधीकाळी घोड्या-गायींची चिरफाड समजावून सांगत, तिथे आता नट उभा. तो इतका खाली आणि इतका जवळ की त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो. बाकांना गादी नाही, पाय पसरायला जागा नाही. पण अशा जागेत नट कुजबुजला तरी शेवटच्या रांगेला ऐकू येतं. एक शाल घेऊन जा, बसायच्या कामी येते.

पोस्टरवर चिकटवलेल्या पाच ताऱ्यांवर विश्वास ठेवण्याआधी ते कुणी दिलेत ते वाचा. अक्षर मुद्दाम बारीक असतं. 'द स्कॉट्समन' हे वर्तमानपत्र १९७३ पासून नव्या नाटकांना 'फ्रिंज फर्स्ट' पुरस्कार देतं, ते महोत्सव चालू असतानाच जाहीर होतात. त्या यादीवर मी डोळे मिटून तिकीट काढते. दुसरा मार्ग पत्रकवाल्यांचा. हातात कागद देणारा मुलगा किंवा मुलगी बऱ्याचदा स्वतःच त्या शोमध्ये काम करत असते. तिला थांबवून विचारा: "नेमकं काय होतं यात?" दोन वाक्यांत तिला सांगता आलं तर जा. ती "हे शब्दांत सांगता येत नाही" म्हणाली तर मी जात नाही. हे अन्यायाचं असेलही.

तिकिटं साधारण दहा ते अठरा पौंड. पण बिनतिकिटाचे शोही पुष्कळ, बहुतेक पबच्या मागच्या खोलीत किंवा तळघरात. शेवटी कलाकार दाराशी बादली घेऊन उभा राहतो. तिथून नजर चुकवून सटकू नका. आवडलं तर पाच-दहा पौंड टाका, त्याने जागेचं, राहण्याचं सगळं खिशातून भरलेलं असतं.

टॅटूची रात्र

या एका संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. साडेआठ-नऊ हजार प्रेक्षक एका चढाच्या रस्त्याने किल्ल्याकडे निघतात आणि तितकेच उतरतात. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य नऊच्या पुढे मावळतो, त्यामुळे उजेडात सुरू झालेला कार्यक्रम अंधारात संपतो, मागे किल्ल्याची भिंत उजळत जाते. पाऊस आला म्हणून कार्यक्रम थांबत नाही, आणि मागच्याला दिसत नाही म्हणून छत्री उघडायची नाही. टोपीचा रेनकोट, आतून लोकरीचं काहीतरी, पायमोजे कोरडे. ऑगस्टमध्ये दिवसा एकोणीस अंश असतं, रात्री अकरा-बारापर्यंत उतरतं, आणि उघड्या बाकांवर वारा हाडात शिरतो. "उन्हाळा आहे ना?" म्हणून सुती साडीवर आलेल्या बायका मी तिथे पाहिल्यात. परतताना गर्दीबरोबर लोंढ्यात उतरू नका, दहा मिनिटं जागेवरच बसून राहा.

बाकी किरकोळ. बसमध्ये कार्ड टेकवा. रोख दिलीत तर सुटे परत मिळत नाहीत. स्कॉटलंडच्या बँका आपल्या स्वतःच्या नोटा छापतात. त्या पूर्ण खऱ्या असतात, पण इंग्लंडमधले काही दुकानदार बघून कपाळाला आठ्या घालतात, म्हणून निघण्याआधी त्या तिथेच संपवा. शाकाहारींचे हाल होत नाहीत. हॅगिस या प्रसिद्ध मटणाच्या पदार्थाचाही शाकाहारी अवतार मिळतो, डाळी आणि ओट्सचा. मसाला कमी वाटला तर मेतकुटाची पुडी आपली आपण. नळाचं पाणी प्यायचं, बाटल्या विकत घेऊ नका.

परतीची गाडी सकाळची घेऊन एक शक्यता शिल्लक ठेवा. दुपारपर्यंत लंडन, आणि तिथे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स चालू असतात. १८९५ पासूनची ही संगीतमाला. ऑर्केस्ट्राच्या अगदी समोर उभं राहून ऐकण्याची तिकिटं त्याच दिवशी मिळतात, आठ पौंडांच्या आसपास, तर मागे खुर्चीत बसणाऱ्याने कितीतरी पट मोजलेले असतात. दोन तास उभं राहायची तयारी हवी. काकांना जमणार नसेल तर त्यांना वरच्या गॅलरीत पाठवू नका, तिथेही उभंच राहावं लागतं, त्यांच्यासाठी आधीच एक खुर्चीचं तिकीट काढून ठेवा.